सात रात्रींचं शिबिर वाचवा

मीरा-भाईंदरमधल्या कॉलेजांचे प्राचार्य, प्राध्यापक, विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील या सगळ्यांना एक कळकळीची विनंती करायची आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एनएसएसचं, सात दिवसांचं निवासी शिबिर वाचवा. शिबिर उठल्यावर त्याच वस्तीत वर्षानुवर्षं परत जाण्याची रीतही वाचवा. कॉलेजातल्या समाजसेवेचा जीव या दोन गोष्टींत आहे. त्या सुटल्या तर हाती बॅनर, टोप्या आणि प्रमाणपत्रं उरतील.

ही रीत कुणी आदेश काढून बंद केलेली नाही. ती झिजत चालली आहे. कागदावर शिबिर सात दिवसांचं असतं, पण ठिकठिकाणी संध्याकाळी मुलं घरी जातात आणि सकाळी नऊला परत येतात. कॉलेजने दत्तक घेतलेल्या वस्तीत जाण्याऐवजी कॉलेजच्या गेटपासून चौकापर्यंत रॅली निघते. किनाऱ्यावर तासभर कचरा वेचायचा ठरतो आणि त्यातला बराच वेळ फोटोंत जातो, कारण कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या अहवालाला जिओटॅग केलेले फोटो लागतात. ‘सर, आजचे किती तास मिळणार?’ असं मुलं विचारतात. मी मुलांना दोष देत नाही. सेवा म्हणून त्यांना जे दाखवलं, तेच ती शिकली. शिक्षकांनाही सरसकट दोष देणार नाही. सेमिस्टर पद्धतीत परीक्षा, अंतर्गत मूल्यमापन आणि पुनर्परीक्षा यांच्यामध्ये सात सलग दिवस सापडणं कठीण झालं आहे. एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, म्हणजे मुलांचे ‘पीओ सर’ किंवा ‘पीओ मॅडम’, आठवड्याचे तास घेऊन उरलेल्या वेळात हा सगळा डोलारा सांभाळतात. त्यातले कितीतरी जण तासिका तत्त्वावर नेमलेले असतात आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हे त्यांनाच ठाऊक नसतं. अशा माणसाला पाच वर्षांसाठी वस्ती दत्तक घ्यायला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तरीही सांगावं लागेल, कारण या योजनेमागे मोठा विचार आहे आणि त्यात मराठी माणसाचा वाटा आहे. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेची कल्पना मांडली. पुढे १९५९ मध्ये राष्ट्रीय सेवेचा विचार करायला सरकारने समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद सी. डी. देशमुखांना दिलं. रायगडच्या मातीतला हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होता, देशाचा अर्थमंत्री झाला होता आणि तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष होता. देशमुख समितीची शिफारस आज वाचली तरी धाडसी वाटते. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, अशी ती शिफारस होती. अंगमेहनत, समाजसेवा आणि काही लष्करी शिक्षण हे सारं त्यात धरलेलं होतं. पैसा कुठून आणायचा आणि एवढ्या मुलांना कोण सांभाळणार, या प्रश्नांपाशी ती योजना अडली. दहा वर्षांनी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी एवढाच तेव्हाचा पसारा होता. आज देशभर जवळपास ४० लाख मुलंमुली या योजनेत आहेत.

म्हणजे वर्षभराच्या सेवेचं जे स्वप्न होतं, ते घटत घटत दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर इथवर आलं. आता या सातातल्या रात्रीही काढून घ्यायच्या का?

महाराष्ट्रात तरुणांनी एकत्र राहून राबण्याची परंपरा एनएसएसच्याही आधीची आहे. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात, विदर्भाच्या त्या तापल्या जमिनीवर, राज्यभरातून कॉलेजची पोरं आपल्या खर्चाने जात राहिली. सकाळी कुदळ-फावडं, दुपारी चर्चा, रात्री गाणी, पुन्हा पहाटे उठणं. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा एनएसएस चार वर्षांचीही नव्हती. १९७३ मध्ये देशभरच्या शिबिरांचा विषयच दुष्काळाविरुद्ध युवक असा ठेवला गेला. ज्यांनी तेव्हा घमेली उचलली ती पिढी आज सत्तरीत आहे. त्यांच्यातला कुणी ओळखीचा असेल तर त्याला शिबिराबद्दल विचारून पाहा. किती ब्रास माती काढली हे तो विसरलेला असतो, पण रात्री कुठे झोपलो, कुणाच्या घरून भाकऱ्या आल्या, कोण रडलं आणि कोण भांडलं, हे त्याला नेमकं आठवतं.

मी रात्रींवर एवढा भर देतो, त्याला कारण आहे. दिवसा वस्तीत आलेला विद्यार्थी पाहुणा असतो. त्याला चहा मिळतो, खुर्ची मिळते आणि बरी बाजू दिसते. रात्री नळाला पाणी येतं की नाही, लाइट कधी जाते, बाया शौचाला कुठे जातात, दारू पिऊन कोण ओरडतं, लहान पोराला ताप आला तर रिक्षा यायला किती वेळ लागतो, हे त्याला रात्रीच कळतं. एनएसएसच्या बॅजवर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक आहे. त्याच्या आठ आऱ्यांचा अर्थ मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात: दिवसाचे चोवीस तास, सगळे प्रहर. त्यातले चार प्रहर रात्रीचे असतात.

आता आपल्या शहराकडे या. १९८५ मध्ये इथे नगरपालिका झाली आणि २००२ मध्ये महापालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. त्यानंतर शहर किती फुगलं, हे सकाळी मीरा रोडच्या फलाटावर उभं राहिलं की कळतं. इथला बहुतेक माणूस कुठून तरी आलेला आहे: गिरगाव-परळच्या चाळींतून, कोकणातून, राजस्थान-गुजरातेतून, उत्तर प्रदेशातून. आगरी, कोळी, ईस्ट इंडियन आणि आदिवासी ही मूळची माणसं त्या गर्दीत कडेला सरकली. नवघर, गोडदेव, खारी, पेणकरपाडा ही गावं इमारतींच्या पोटात गेली. राई, मुर्धे, मोरवा, डोंगरी, उत्तन ही अजून गावपण धरून आहेत, पण मीरा रोडच्या टॉवरमध्ये वाढलेल्या कितीतरी मुलांनी ती पाहिलेली नाहीत. जी गेली ती रविवारी उत्तनच्या किनाऱ्यावर किंवा वेलंकनी मातेच्या दर्शनाला. वस्तीत ती गेली नाहीत.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. इथली हजारो मुलं शिकायला दहिसर, बोरिवली, कांदिवली, पार्ल्याला जातात. त्यांचं कॉलेज एका शहरात असतं आणि घर दुसऱ्या शहरात. त्यांची एनएसएसची वस्ती कॉलेजच्या जवळ असते, तीही लोकलच्या वेळापत्रकात बसेल एवढीच. मीरा-भाईंदर त्यांच्यासाठी झोपायचं गाव होऊन बसलं आहे. इथे ज्यांची कॉलेजं आहेत त्यांनी या मुलांनाही हाक मारायला हवी. कॉलेज कांदिवलीचं असलं तरी सुटीतले काही तास आपल्या गावच्या दत्तक वस्तीत घालू द्यावेत आणि दोन्ही ठिकाणच्या पीओंनी एकमेकांना फोन करून ते तास मान्य करावेत. याला मोठ्या परवानग्या लागत नाहीत. मन लागतं.

उत्तनचंच घ्या. आपल्या शहराचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर जातो. मीरा रोडच्या इमारतीत आपण सकाळी पिशवी दाराबाहेर ठेवतो आणि ती आपल्या मनातून जाते. ती उतरते कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या गावाशेजारी. तिथे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळतात, होड्या लागतात, माणसं मासळी आणि भाजीवर पोट भरतात. कचऱ्याच्या ढिगाला आग लागली की धूर घराघरात शिरतो. उन्हाळ्यात वास झोपू देत नाही. गावकरी वर्षानुवर्षं याविरुद्ध ओरडत आहेत. माझी विनंती अशी की, शहरातल्या एका तरी कॉलेजने आपलं सात दिवसांचं शिबिर उत्तन परिसरात भरवावं. मुलांनी सात रात्री त्या वाऱ्यात झोपावं. पहाटे मासळी उतरताना हात लावावा, बायांबरोबर बोंबील टांगावेत, संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्यांकडून धारावीच्या किल्ल्याची गोष्ट ऐकावी. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत त्या किल्ल्यासाठी केवढी झुंज झाली, हे इथल्या मुलांनी पुस्तकात वाचण्याआधी त्या जागेवर उभं राहून ऐकलं पाहिजे.

शिबिराचं खरं काम मात्र आठव्या दिवशी सुरू होईल. ती मुलं आपापल्या सोसायटीत परततील. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सक्ती २०१६ च्या घनकचरा नियमांनी केली, पण जिन्यात दोन डबे ठेवून नियम पाळला जात नाही. ज्या मुलीने सात रात्री तो वास घेतला आहे, ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहील. सेक्रेटरी काका तिला गप्प बसवायला बघतील. ती गप्प बसणार नाही, कारण तिच्या पिशवीतलं कुजकं अन्न कुणाच्या अंगणात जातं, त्या घरातल्या माणसांची नावं तिला पाठ असतील. हे काम एका रॅलीने होत नाही.

काशीमिऱ्याच्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने आणि चेण्याच्या अंगाने आदिवासी पाडे आहेत. तिथली एक गोष्ट मला सोडत नाही. अशाच एका पाड्यावर मुलांच्या गटासोबत मी गेलो होतो. मुलांच्या हातात सर्वेक्षणाचे फॉर्म होते: घरात माणसं किती, शिकलेली किती, रेशनकार्ड आहे का, जातीचा दाखला आहे का. एका बाईने सगळी उत्तरं दिली, पाणी दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, “गेल्या साली पण पोरं आली होती. हेच इचारलं. लिवून नेलं. त्याचं काय झालं?” त्या मुलांपैकी कुणीही गेल्या साली तिथे नव्हतं. गेल्या सालचे फॉर्म कुठे गेले, हे सांगणारंही कुणी नव्हतं. एक मुलगा फॉर्म मिटून तसाच उभा राहिला. त्या बाईच्या प्रश्नाला आपण सगळे बांधील आहोत.

फॉर्मवरच्या त्या जातीच्या दाखल्याचंच बघू. अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून इथलं असल्याचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नव्हते, मग शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? जमिनीचा उतारा नाही, कारण जमीन नावावर नव्हती. मग नातेवाइकांत शोधायचं: कुणा चुलत आजोबांची शाळेतली नोंद, जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. कागद गोळा झाल्यावर सेतू केंद्र, मग प्रांत कार्यालय, मग त्रुटी काढून परत आलेला अर्ज आणि पुन्हा फेरी. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाला एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. दाखला नाही म्हणून मुलीची शिष्यवृत्ती अडते, मग तिची अकरावीच अडते. दुसऱ्या वर्षात शिकणारी दोन मुलं आठवड्यातले तीन तास या एका कुटुंबासाठी देऊ शकतात. महिने लागतील. मुलांची परीक्षा येईल, मग पुढच्या बॅचच्या मुलांनी ती फाइल हातात घ्यायची. परत जाण्याची रीत म्हणतो ती हीच. दत्तक वस्ती कॉलेजने घ्यायची असते, बॅचने नव्हे, म्हणून वही कॉलेजच्या कपाटात असली पाहिजे.

योजनेची नियमपुस्तिकाही हेच सांगते. वर्षाच्या १२० तासांपैकी २० तास मुलांना विषय समजावून देण्यासाठी, ३० तास कॉलेजच्या आवारातल्या कामासाठी आणि उरलेले ७० तास समाजात जाऊन काम करण्यासाठी, अशी तिची वाटणी आहे. आपल्याकडे कित्येक ठिकाणी हे गणित उलटं झालंय. आवारातल्या कार्यक्रमांना गर्दी करणं, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणं, वार्षिकोत्सवात खुर्च्या लावणं, यांत तास भरले जातात. मुलांनो, तुमच्या वर्क डायरीत या वर्षी किती तास खरोखर गेटबाहेरचे आहेत, ते एकदा मोजा. एनएसएसच्या एका एककात, म्हणजे युनिटमध्ये, साधारण १०० विद्यार्थी असतात. म्हणजे ७० तासांच्या हिशेबाने एका कॉलेजचं एक एकक वर्षाला ७ हजार तास या शहराला देऊ शकतं. ७ हजार तासांत एका पाड्यातल्या प्रत्येक घराचे कागद पुरे होतील. एका चाळीतल्या प्रत्येक चौथीतल्या पोराला वाचता येईल. भाईंदरच्या जुन्या इमारतींत जिना उतरता न येणारे जे पेन्शनर अडकून पडलेत, त्यांचे हयातीचे दाखले नोव्हेंबरमध्ये घरबसल्या भरून होतील. मे महिन्यात आणि दिवाळीत रक्तपेढ्या कोरड्या पडतात, तेव्हा हाक मारल्यावर धावणाऱ्या शंभर तरुणांची यादी तयार असेल.

हे तास जास्त वाटत असतील तर मेक्सिकोकडे बघा. तिथे विद्यापीठाची पदवी घेण्याआधी विद्यार्थ्याला किमान ४८० तासांची समाजसेवा करावी लागते. १९३६ मध्ये वैद्यकीच्या विद्यार्थ्यांपासून तिथे ही सुरुवात झाली. डॉक्टर नसलेल्या खेड्यांत त्यांना पाठवलं गेलं. आपल्या २४० च्या हे बरोबर दुप्पट आहे, आणि तिथे ते ज्याला हवं त्याने करायचं काम नाही. आपण सक्ती करू नये असं मला वाटतं, सक्तीची सेवा लवकर कोरडी पडते. पण स्वखुशीने जे २४० तास घेतले ते तरी पुरे द्यावेत.

त्याच त्या जागी परत गेल्याने काय घडतं, हे पाहायला मेक्सिकोला जायची गरज नाही. लोकलने अंधेरीला उतरून वर्सोव्याला जा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने ऐंशी पार केलेल्या शेजाऱ्याला सोबत घेऊन तिथला किनारा साफ करायला सुरुवात केली. आठवड्यामागून आठवडा ते त्याच वाळूवर जात राहिले, माणसं जोडली गेली, शाळा-कॉलेजांची मुलं आली. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. कितीतरी वर्षांत तिथे तसं कुणी पाहिलं नव्हतं. तोच समुद्र पुढे उत्तनला लागतो.

आता नवीन शैक्षणिक धोरणाबद्दल बोलायला हवं, कारण धोका आणि संधी दोन्ही तिथून येणार आहेत. इतकी वर्षं एनएसएसच्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत १० गुणांची सवलत मिळायची आणि कित्येक जण त्यासाठीच नाव घालायचे. आता राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांच्या आराखड्यात एनएसएस सहशैक्षणिक विषयांत श्रेयांकासाठी आली आहे आणि समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांनाही श्रेयांक आहेत. श्रेयांक वाईट नाहीत. नोकरी करून शिकणाऱ्या मुलाने शनिवारची दुपार वस्तीत घालवली तर त्याचं मोल त्याच्या गुणपत्रिकेत दिसावं, हे न्याय्यच आहे. भीती ही आहे की, श्रेयांकाचं काम वर्गातच उरकेल: पन्नास गुणांचा पेपर, वीस पानांचा प्रोजेक्ट, इंटरनेटवरून उतरवलेला. म्हणून अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या प्राध्यापकांना विनंती आहे. मूल्यमापनात एक अट घाला: विद्यार्थ्याने वर्षभरात एकाच वस्तीत किमान इतक्या वेळा जाऊन काम केलं पाहिजे आणि त्या वस्तीतल्या दोन माणसांनी त्यावर मत दिलं पाहिजे. अंगणवाडी ताई, आशा ताई, बचतगटाच्या अध्यक्ष, कुणीही. वस्तीचं मत गुणांत आलं की मुलं वस्तीकडे बघायला लागतील.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. बरीच वर्षं शिबिरासाठी एका विद्यार्थ्यामागे ४५० रुपये मिळत. सात दिवसांना भागा: दिवसाला ६४ रुपये. नंतर ते ७०० झाले, म्हणजे दिवसाला १००. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, प्रवास आणि राहणं भागवायचं. कार्यक्रम अधिकारी स्वतःच्या खिशातून भर घालतात आणि कुणाला बोलत नाहीत. आणि हे कुठे घडतं? ज्या शहरात गणपती-नवरात्रात हजारोंची पंगत उठते, जैन संघांची भोजनालयं चालतात, गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, मशिदींच्या कमिट्या रमजानमध्ये रोज शेकडोंना जेवू घालतात, तिथे. या शहराला पन्नास मुलांचं सात दिवसांचं जेवण जड नाही. भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या एखाद्या कारखानदाराने शिबिराला टोप-पातेली द्यावीत, एका मंडळाने एक दिवस जेवण द्यावं, दुसऱ्याने दुसरा. एवढंच की फलक लावू नका आणि व्यासपीठ मागू नका.

शिबिर शहरासाठी आणखी एक काम करतं, आणि ते आज फार निकडीचं आहे. जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडच्या नया नगरच्या रस्त्यांवर जो धार्मिक तणाव उसळला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. जुलै २०२५ मध्ये भाषेवरून शहर पेटलं आणि दोन बाजूंचे दोन मोर्चे निघाले. त्या दोन्ही वेळी इथली मुलं मोबाइलवर एकमेकांच्या वस्त्यांचे व्हिडिओ बघत होती. वस्त्या मात्र पाहिलेल्या नव्हत्या. शिबिराच्या गटात नाव कोणतं, घर कुठलं, हे विचारत नाहीत. भाईंदर पश्चिमेची मारवाडी मुलगी, नया नगरचा मुलगा, राईचा आगरी आणि हाटकेशचा भय्या म्हणून हिणवला गेलेला पोरगा एकाच पातेल्यात डाळ ढवळतात. कांदा कोण जास्त चिरतं यावरून भांडतात, रात्री एकाच हॉलमध्ये मुलगे आणि पलीकडच्या वर्गात मुली झोपतात, पहाटे एकाच नळावर रांग लावतात. पाड्यावरच्या मुलांशी बोलायला मराठी लागते, म्हणून चौथ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी मराठी येऊ लागते, आणि कुणालाही कुणाला दटवावं लागत नाही. शांतता समितीच्या बैठका हव्यातच. पण वीस वर्षांच्या मुलांची अशी शंभर-दोनशे मैत्रं दरवर्षी या शहरात रुजली, तर पुढच्या वेळी अफवा आली की कुणीतरी कुणाला तरी फोन लावेल.

पालकांनो, मुलीला रात्री बाहेर पाठवायची तुमची धास्ती मी समजतो. ती खोटी नाही. म्हणून धास्ती दूर करणारी व्यवस्था मागा. शिबिरात महिला प्राध्यापक मुक्कामाला आहेत का, मुलींची झोपायची जागा आणि स्वच्छतागृह कसं आहे, जवळच्या पोलिस ठाण्याला आणि रुग्णालयाला कळवलंय का, हे विचारा. शिबिराच्या आधी पालकसभा घ्यायला लावा. शक्य असेल तर एक दिवस स्वतः या, मुलांसोबत जेवा. पण हे सगळं ठीक असताना केवळ धास्तीने ‘नको’ म्हणू नका.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना सांगायचं ते थोडक्यात सांगतो. सात दिवसांच्या शिबिराच्या तारखा शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच, परीक्षांच्या तारखांसोबत ठरवा आणि मग हलवू नका. कार्यक्रम अधिकाऱ्याचा वर्गभार कमी करा. तो तासिका तत्त्वावरचा असेल तर त्याला निदान तीन वर्षं तिथे राहू द्या. महापालिकेने शाळांच्या इमारती सुटीत शिबिरांना द्याव्यात, पाण्याचा टँकर आणि एक आरोग्य पथक द्यावं, आणि प्रत्येक प्रभाग कार्यालयात एक अधिकारी असा नेमावा की, ज्याच्याकडे विद्यार्थ्यांनी वस्तीतून आणलेले प्रश्न लेखी जमा होतील आणि महिन्याच्या आत उत्तर मिळेल. वस्तीला दिलेला शब्द पाळायचा असेल तर हे लागतं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्याशिवाय यातलं काहीच होणार नाही. शिबिर एका दिवसाचं करायचं ठरलं तर तक्रार करणारे तुम्ही व्हा. सह्या गोळा करा, पीओ सरांना सोबत घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये जा आणि सात दिवस मागा. जे तिसऱ्या वर्षाला आहेत, ज्यांचे २४० तास संपले आहेत, त्यांनी धाकट्यांना घेऊन एकदा तरी त्या जुन्या वस्तीत जावं आणि त्यांची गाठ घालून द्यावी: ही आशा ताई, हे अंगणवाडीचं घर, या काकींचा दाखला अजून अडलाय.

२४ सप्टेंबर हा एनएसएसचा स्थापना दिवस. या वर्षी त्या दिवशी सभागृहात दीपप्रज्वलन आणि भाषणं ठेवू नका. प्रत्येक कॉलेजने आपल्या वस्तीत जावं, रहिवाशांसोबत जमिनीवर बसावं आणि एक जाड वही उघडावी, पुढच्या पाच वर्षांची. गेल्या वर्षीचे फॉर्म सापडले तर सोबत न्यावेत आणि प्रत्येक घराला त्यांचं काय झालं ते सांगावं, काहीच झालं नसेल तर तेही सांगावं. घरागणिक एक पान, त्यावर अडलेलं काम आणि ते कुणी हाती घेतलं त्याचं नाव. डिसेंबरच्या शिबिराची जागा त्याच बैठकीत वस्तीलाच विचारून ठरवावी. आणि उठण्याआधी पुढच्या भेटीची तारीख त्यांच्या समोर वहीत लिहावी.